मॅकइल्बारांचा तपकिरी पट्टा

या, असे जवळ या. बाक पुढे ओढा, वाऱ्याला बसू दे दाराशी. एक हकिगत सांगते. घडली तशीच सांगेन, पदरचं काही घालणार नाही.

मी सीना. आमचं बेट हॅरिस, गाव समुद्रकाठचं, वस्ती सगळी मॅकइल्बार कुळाची. पुरुष मासेमारीला जातात, बायका लोकर कातून कापड विणतात, आणि रविवारी झाडून सगळे चर्चमध्ये. आमचे पाद्रीबाबा प्रवचन सांगता सांगता सुरावर चढतात. बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे लागलं हे कळत नाही. त्या एका सुरावर मी अख्खा आठवडा काढते.

त्या वर्षी कुळाचे धनी सर हेक्टर लंडनहून कायमचे परत आले. गढीच्या भिंतीत त्यांना जुन्या कापडाची चिंधी सापडली. हिरव्या-काळ्या चौकटी, आणि मधून एक तपकिरी पट्टा. आपल्या पूर्वजांचं खरं टार्टन, कुळाच्या खुणेचं चौकटीचं कापड, हेच, असं त्यांनी जाहीर केलं. तसंच कापड नव्यानं विणायचं, आणि कुळाच्या मेळाव्यात आमच्या पायपरनं त्याचाच किल्ट नेसून बॅगपाइप वाजवायचा.

पायपर म्हणजे माझा एकुलता एक मुलगा, टॉर्मोड.

धून ठरलेलीच होती. आमच्या पूर्वजांनी खाडीपलीकडच्या लोकांना, ते रविवारी स्तोत्र गात असताना, त्यांच्याच चर्चमध्ये कोंडलं आणि छप्पर पेटवून दिलं. आतलं ऐकू येऊ नये म्हणून आमचा पायपर भिंतींभोवती वाजवत फिरला. ती ही धून. तिच्यावर आमच्याकडे अजून व्हिस्कीचे पेले उंचावतात, टाळ्या पडतात. मला लहानपणापासून त्याची शिसारी आहे. पण टॉर्मोडला तो मान वाटला, आणि मी गप्प बसले.

हिरवा, काळा जमला. तपकिरी जमेना. रंगारीण आमची शेजारीण ओइरिक. तिनं किनाऱ्यावरच्या खडकांचं दगडफूल खरवडून किती घाणे उकळले. रंग गंजासारखा यायचा. चिंधीतला तपकिरी ओलसर होता, जिवंत होता. मग एके सकाळी ती टोपली भरून दगडफूल घेऊन आली आणि रंग पहिल्याच उकळीला उतरला.

"कुठून आणलंस गं?"

"भिंतीवरनं."

"कुठल्या भिंतीवरनं?"

"खाडीपलीकडच्या, त्या जळक्या चर्चच्या. आता तोंड वाकडं करू नकोस सीना, दगडाला काय कळतंय कुणाचं कोण."

कापड विणून झालं, तसं ते मळायला आम्ही बायका ओइरिकच्या कोठारात जमलो. लांब फळी, दोन्ही बाजूंना बायका, मध्ये साठवलेल्या शिळ्या मुतात भिजवलेलं कापड. ते गाणं म्हणत आपटायचं, फिरवायचं, म्हणजे आटून दाट होतं. त्या वासात आम्ही वाढलो; त्याचं आम्हाला काही नाही.

"हे कुणाच्या घरचं गं?" पेगीनं नाक उडवलं. "नवरा काल बिअर ढोसून आलेला दिसतोय."

"तुझाच असेल. ओळखीचा वास येतोय म्हणून विचारतेस."

हसलो. गाणी सुरू झाली. आणि थोड्या वेळानं त्या वासाच्या खालून दुसरा एक वास वर आला. जळक्या केसांचा. त्याच्याही खालून काहीतरी गोडसर.

हातांना चिकट लागायला लागलं. पाहिलं तर फळीवर पिवळसर चरबी थिजत होती; नखांत शिरत होती, बोटं चिकटवत होती. लोकर मी स्वतः तीनदा धुतलेली. आणि कापड कोमट होतं. नुकत्याच उठून गेलेल्या माणसाच्या अंथरुणासारखं.

"आटलंय का बघ," ओइरिक म्हणाली. मी मधल्या बोटानं मोजलं. जराही आटलं नव्हतं.

एका कापडावर एकच गाणं दोनदा म्हणायचं नाही, हा आमचा नेम. मोडला तर नेसणाऱ्याला बाधतं. आम्ही येत होती तेवढी गाणी संपवली. कापड तेवढंच्या तेवढं. मग कुणीतरी नवं गाणं धरलं आणि आम्ही सगळ्यांनी धृपद उचललं. संथ, लाटेसारखं. शब्द आपोआप तोंडात येत होते.

संपलं, तेव्हा कापड बरोब्बर आटलं होतं.

"छान होतं गं," पेगी म्हणाली. "सीना, कुठे शिकलीस?"

"मी कुठे? तूच धरलंस ना?"

"मी ओइरिकच्या मागून म्हणत होते."

ओइरिक आपल्या हातांकडे बघत बसली होती. मग हळूच म्हणाली, "ते गाणं नव्हतं. स्तोत्र होतं."

मुतात भिजलेल्या कापडावर स्तोत्र कुणी म्हणत नाही. आम्ही म्हटलं होतं. आणि एकीलाही त्यातला एक शब्द आठवेना.

आता राहिलं नाव घेणं. घडी घालून, थोपटून, नेसणाऱ्याचं नाव घ्यायचं. मग ते कापड त्याचं, दुसऱ्या कुणाचं होऊ शकत नाही. मी हात आखडला. ओइरिक सवयीनं बोलून गेली, "टॉर्मोड नेसो, टॉर्मोड झिजवो."

मी बाहेर जाऊन ओकले.

किल्ट शिवून आला. ओढ्यात खळबळून माळावर वाळत घातला, तरी काठाला चरबी सुटायचीच. आमचा कुत्रा तो काठ चाटत बसायचा. डोळे मिटून, मायेनं.

"नको नेसूस रे," मी म्हटलं. "मी तुझ्या पाया पडते."

"आई, तुला वास मुताचा येतोय आणि तू बोल लावतेस पूर्वजांना," टॉर्मोड हसला. "उद्या सगळं कूळ जमणार. जुना किल्ट नेसून जाऊ? लोक काय म्हणतील?"

तो दलदलीवरनं पीट, चुलीत जाळायची वाळकी माती, आणायला गेला. मी अंगणात लोकर धुण्याच्या कढईखालची चूल पेटवली आणि किल्ट तिच्यात घातला.

लोकर जळली की केस जळल्याचा वास येतो. मी नाकाला शाल लावून उभी होते.

तो वास आला नाही.

पट्टा आधी तडतडला. मग त्यातून थेंब गळायला लागले, आणि प्रत्येक थेंबाला ज्योत उंच व्हायची.

शाल कधी खाली आली कळलं नाही.

माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

मागून टॉर्मोड आला. टोपली खाली ठेवली, मोठा श्वास घेतला.

"आई, काय भाजतेयस? काय भूक लागलीय."

मी मागे वळले नाही. तोंडातलं गिळलं आणि म्हटलं, "काही नाही रे. हात धू."

त्या खाडीपलीकडच्या माणसांची नावं कुणालाच ठाऊक नाहीत. नावं नसू देत. तुम्ही आज जेवायला बसाल, तेव्हा पहिल्या घासाआधी तेवढी त्यांची आठवण काढा.