आधी भिंतीचं बोलणं होऊ द्या

"घ्या, पुन्हा कचराच आला!" ऋषीने पाण्यातून ओढून काढलेली डबी सगळ्यांना दाखवली. पाठवलं होतं 'वर या', आणि डबीच्या पडद्यावर उमटलं होतं 'ववर रयाया'.

सुट्टीत ऋषी आणि त्याची बहीण हिमानी नागपूरहून पारशिवनीजवळच्या तलावावर आले होते. त्यांची अरुंधतीमावशी इथे पाण्याखाली बिनतारी निरोप पाठवणारं यंत्र तपासत होती. पाण्यात रेडिओ फार लांब जात नाही, आवाज मात्र जातो. म्हणून हे यंत्र प्रत्येक अक्षराची टिकटिक करून निरोप पाठवायचं. ते हवं होतं प्रीतमकाकांना. बंधाऱ्याच्या दाराची जाळी साफ करायला ते बुडी मारायचे. गेल्या आठवड्यात त्यांचा इशाऱ्याचा दोर जाळीत अडकला आणि वरच्यांना काही कळेचना. कसेबसे वर आले बिचारे! तेव्हापासून त्यांची मुलगी नूपुर बुडीच्या वेळी काठावरून हलायची नाही. आज यंत्र चाललं नाही, तर चारच्या बुडीला पुन्हा नुसता दोर.

सुपरवायझर श्रीधरसाहेबांचा उपाय सोपा होता. मोठ्याने पाठवा, पोचेल, असं म्हणून त्यांनी आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं आणि जीपमध्ये डुलकी काढायला गेले. मावशी आठवडाभर तारा आणि बॅटऱ्याच तपासत बसली होती. ऋषीला मात्र एक गोष्ट खटकत होती. तलावाच्या मधोमध निरोप स्वच्छ जायचा, बंधाऱ्याच्या भिंतीजवळच घोळ व्हायचा. आणि आवाज वाढवला की घोळही वाढायचा.

तेवढ्यात नूपुरने पलीकडच्या काठावरच्या बाबांना हाक मारली. "बाबा!" मग ती गप्प. हाक भिंतीवरून परत आली, विरली. मग "या!" पुन्हा गप्प. मग "जेवाले!"

हिमानीला हसूच आलं. अशी तुकड्यातुकड्याने काय हाक मारतेस, तिने विचारलं.

"भिंत बोलून राहिली ना! तिचं झालं की मंग आपण बोलावं. नाही तं सारं एकात एक होते." इथे सगळेच अशा हाका मारतात, म्हणे.

ऋषी ताडकन उठला. "मावशी, पाण्याखालीही तीच भिंत आहे, आणि तिथेही ती बोलते!"

मावशीने कपाळावर हात मारला. पुस्तकात वाचलेलं, आणि समोर एवढी भिंत असून सुचलं नाही! एक अक्षर पाठवायचं, त्याचा प्रतिध्वनी विरेपर्यंत थांबायचं, मग पुढचं, असं तिने यंत्राला शिकवलं. आवाजही कमी केला. डबी भिंतीलगत दहा वेळा सोडली. निरोप सावकाश गेला, पण दहाही वेळा जसाच्या तसा.

साहेब डोळे चोळत आले आणि त्यांचा हात थेट बटणाकडे गेला. हिमानी मध्ये उभी राहिली. एकदा तुमच्या पद्धतीने, एकदा आमच्या, आणि वाचा तुम्हीच, ती म्हणाली. साहेबांनी दोन्ही निरोप वाचले आणि बटण स्वतःच मागे फिरवलं.

चार वाजता मनगटाला डबी बांधून प्रीतमकाका खाली गेले. ठरलेला वेळ झाल्यावर नूपुरने 'वर या' पाठवलं. निरोप हळू जातो हे माहीत होतं, तरी ऋषी काठावर वाकून पाण्याकडे बघत राहिला.

मग पाणी हललं आणि काकांचं डोकं वर आलं. मनगट उंचावून त्यांनी पडदा दाखवला. 'वर या'.

"पोरांनो, माझा हेका चुकला," साहेब म्हणाले. "तुम्ही आज माणूस सांभाळलात." मावशीने तिघांना जवळ ओढलं, पण नूपुर सुटून पाण्याकडे धावली. तिला हुंदके आवरत नव्हते.

काकांनी ओला हात तिच्या डोक्यावर ठेवला. "रडून काहून राहिली वं? तू बोलावलं, अन् मी आलो ना!"