मावशीची क्रेन आणि बुटके स्टूल

"पुरे, आता मी बसतो," म्हणत बांबूने धाकट्या बहिणीच्या, टिल्लीच्या, डोळ्यांवरचा व्हीआर चष्मा उतरवला. तो घातला की खोलीतली साधी खुर्ची उंच क्रेनची केबिन होई.

क्रेनला टांगलेला खोका अलगद खाली टेकवायचा असे; टिल्लीने नुकताच तो भिंतीवर आदळला होता. मावशीचाही दर खेपेला आदळे, आणि दुपारी तिची शेवटची चाचणी होती. नापास झाली, तर प्रशिक्षण तिथेच संपणार होते. म्हणूनच सुट्टीला आलेली भाचरे तिला धीर द्यायला केंद्रावर आली होती.

"तुमचा अंदाज चुकतो. पुन्हा प्रयत्न करा," यंत्रातला कृत्रिम मार्गदर्शक न कंटाळता सांगत होता.

बांबूचा खोका मात्र पहिल्याच फटक्यात अलगद टेकला.

"तुला सायकल धड चालवता येत नाही," त्यांचा मावसभाऊ म्हणाला. वाद घातल्याशिवाय त्याला घास उतरत नसे, म्हणून तो 'वकील'. "इथे नक्की पाणी मुरतंय. जरा पोक काढून बस."

बांबू वाकला. खोका धाडकन भिंतीवर!

"खालचं दिसतच नाही रे. खिडकीची कड आड येते."

"मला तर मघापासून तसंच दिसत होतं," टिल्ली म्हणाली.

"मलाही," मावशी पुटपुटली. "मला वाटलं, क्रेन अशीच असते."

ताडमाड प्रशिक्षक कोपऱ्यात मोबाइलमध्ये गुंग होते. टिल्ली साळसूदपणे म्हणाली, "सर, एकदा करून दाखवता?" तेवढ्यात वकिलाने खुर्ची सरकवून बुटके स्टूल ठेवले.

"स्टूल कशाला?"

"तुमच्यासारख्या उस्तादाला काय फरक पडतो, सर?"

सर चष्मा चढवून खुशीत बसले. खोका आदळला.

"तुमचा अंदाज चुकतो," मार्गदर्शक शांतपणे म्हणाला. सगळे खदखदून हसले.

"माणूस बदलला की यंत्र डोळ्यांची उंची विचारत नाही?" वकिलाने उलटतपासणी सुरू केली.

"विचारतं की. पण दर वेळी कोण मोजत बसणार? सकाळी माझी उंची देतो आणि नंतर..." सर मध्येच थांबले आणि मावशीकडे पाहून ओशाळले.

त्यांनी स्वतः तिच्या डोळ्यांची उंची मोजून यंत्रात नोंदवली. दुपारच्या चाचणीत मावशीचा खोका कापसासारखा टेकला. बांबूने तिला मिठीच मारली.

"अंदाज हिचा नव्हे, माझा चुकला," सर सर्वांदेखत म्हणाले. "पोरांनो, माझे कान उपटलेत ते बरं केलंत. शाबास."

"मग दोष यंत्राचा की तुमचा, सर?" वकील सोडेना.

"त्या आवाजाला नावं ठेवू नकोस," मावशी म्हणाली. "इतके दिवस मी चुकले, पण तो एकदाही चिडला नाही बिचारा. फक्त त्याला मी दिसत नव्हते."

 सर तोवर पुढच्या उमेदवाराच्या खुर्चीशेजारी उकिडवे बसले होते. "हं, ताठ बसा. खाली काय काय दिसतंय, मला सांगा."