उलटा बोल

निरंजनने उजवं मनगट कपाच्या दिशेने वळवलं आणि त्याच्या जाकिटाच्या कॉलरमधून त्याचाच आवाज आला, "चहा." ओठ हलले नव्हते. त्याच्या बायकोने, शाल्मलीने, कप पुढे सरकवला. सांगलीतल्या त्या स्वयंपाकघरात याचं आता कुणाला नवल उरलं नव्हतं.

पक्षाघातात निरंजनच्या मेंदूतला भाषेचा भाग गेला होता. बोलणं गेलं आणि दुसऱ्याने बोललेलं समजणंही गेलं. शरीर मात्र बरंचसं वाचलं. मिरजेच्या डॉ. रुखसाना मुजावर यांनी अशा रुग्णांसाठी 'देहवाचक' तयार केला होता. हे पातळ जाकीट स्नायूंच्या हालचाली टिपायचं. कोणत्या हालचालीबरोबर माणूस पूर्वी कोणता शब्द बोलायचा, हे ते जुन्या चित्रफितींतून शिकायचं आणि तो शब्द त्याच्याच आवाजात उच्चारायचं. बहुतेकांच्या घरी लग्नाच्या चित्रफितीपलीकडे फारसं काही नसतं. पण निरंजन आणि शाल्मली नवनृत्याच्या रचना बसवत. बोलत बोलत नाचणं हेच त्या दोघांचं काम होतं आणि प्रत्येक तालीम चित्रित केलेली होती.

"असं घबाड मला पुन्हा मिळायचं नाही, ताई," रुखसाना म्हणाली होती.

चहा, पाणी, पंखा हे शब्द दवाखान्यात नव्याने शिकवले गेले. बाकीचे यंत्राने तालमींतून उचलले. त्यातलाच एक लवकरच घरभर ऐकू येऊ लागला. शाल्मली जवळ आली की निरंजन दोन्ही हात तिच्याकडे पसरायचा आणि कॉलरमधून यायचं, "जा."

सुरुवातीला तिने ते हसण्यावारी नेलं. "कुठे जाऊ? घर माझंही आहे की रे."

निरंजन आणखी पुढे वाकायचा. "जा. जा ना."

पुढे ती त्याच्या समोर जाणंच टाळू लागली. कुणाकडून सेवा करून घेणं निरंजनला कधीच सहन झालं नव्हतं. तेच तो आता सांगतोय, अशी तिची खात्री झाली. दिवाळी झाल्यावर तिने त्याला जयसिंगपूरच्या एका शुश्रूषागृहात ठेवलं. काही वेळा भेटायला गेली, दर वेळी "जा" ऐकून परत आली. मग जाणं थांबलं.

उन्हाळ्यात रुखसाना उरलेल्या चित्रफिती घ्यायला आली. दोघी पडद्यासमोर बसल्या. पडद्यावरचा निरंजन शाल्मलीकडे झेपावत "जा" म्हणत होता आणि पाठ फिरवून दूर सरताना "ये" म्हणत होता.

"हे असं का हो?"

"आमची पद्धतच ती. उलटा बोल म्हणायचो आम्ही." कितीतरी दिवसांनी शाल्मलीच्या आवाजात उत्साह आला. "ये म्हणत जवळ घ्यायचं, तर त्यात नाच कसला? ते तर एसटी स्टँडवरही दिसतं. निरंजन म्हणायचा, शब्दाने हाताची हमाली करू नये. हात बोलावत असेल तर शब्दाने..."

ती मध्येच थांबली. पडद्यावर निरंजन पुन्हा झेपावला.

"सगळ्या रचनांत असंच?" रुखसानाने विचारलं.

"सगळ्या."

"आणि घरी? माणूस हात पसरून जा म्हणतोय, हे तुम्हाला खटकलं नाही?"

"दुसऱ्या कुणालाही खटकलं असतं," शाल्मली म्हणाली. "माझ्याशी तो आयुष्यभर असंच बोलत आला होता."

रुखसानाने पडदा बंद केला. यंत्राला शब्दांचे अर्थ कळत नव्हते, हालचाल आणि शब्द यांच्या जोड्या कळत होत्या. त्याने जोड्या अचूक पाठ केल्या होत्या. "तालमीतल्या जोड्या मी उलट्या करून देते," ती म्हणाली. "आपण आजच जाऊ."

शुश्रूषागृहाच्या दारात रेश्मा भेटली. निरंजनचं सगळं तीच बघायची. "या वहिनी, वाट चुकलात काय? साहेब आमचे लई सुधारले बघा. आधी हात पसरून आम्हाला हाकलायचे. जा म्हटलं की आपण बापडं जायचं. आता तसं नाही. हात आखडून भिंतीकडं तोंड करतात आणि ये म्हणतात. की मी हजर!"

रुखसानाने शाल्मलीकडे पाहिलं. शाल्मली ते ऐकतच खोलीत शिरली होती.

निरंजन खुर्चीत बसला होता, बारीक झालेला. रुखसानाने जाकिटातल्या जोड्या बदलल्या आणि बाजूला झाली. निरंजनने मान वर करून शाल्मलीला पाहिलं. बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने दोन्ही हात छातीशी घट्ट ओढून घेतले आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

"जा," कॉलर म्हणाली.

"आता ते बरोबर सांगतंय," रुखसाना हलक्या आवाजात म्हणाली.

शाल्मलीला रेश्माचं बोलणं आठवलं. शब्द निरंजनला कळत नव्हते, पण माणसं येताना आणि जाताना दिसत होती. हात पसरले की माणसं निघून जातात. अंग चोरलं की जवळ येतात. इतक्या महिन्यांत त्याचं शरीर तेवढंच शिकलं असेल, तर तो तिला बोलावत होता. आणि तसं नसेल, तर टाकून गेलेल्या बायकोकडे त्याने पाठ फिरवली होती.

तिने जवळ जाऊन जाकिटाची बटणं सोडली आणि ते रेश्माच्या हातात दिलं. निरंजनने अंग आणखी आक्रसून घेतलं. शाल्मली त्याच्यापासून हातभर अंतरावर खाली बसली. तिने आपले दोन्ही हात त्याच्याकडे पसरले आणि तसेच अर्ध्यावर थांबवले. पसरलेल्या हातांचा अर्थ त्याच्यापाशी आता कोणता उरला असेल?