मांजर की वानर?

“वानर! वानर!” गच्चीवरून ऋषी बोंबलला. “आजोबा, आज आम्ही जिंकलो!”

दर रविवारी संध्याकाळी रेडिओवर शब्दकोडं लागायचं. आजचं असं होतं : तीन अक्षरी प्राणी, झाडावर उड्या मारतो, शेवटची दोन अक्षरं म्हणजे पुरुष, पहिलं नि शेवटचं मिळून दिवस! उसापलीकडच्या छपरात एकटे राहणारे सावळाराम आजोबा रेडिओ मोठ्याने लावत आणि सगळ्यांच्या आधी उत्तर ठोकून देत. कळंबला मामाकडे सुट्टीला आलेली साक्षी, तिचा धाकटा भाऊ प्रबुद्ध आणि शेजारचा ऋषी आजवर एकदाही जिंकले नव्हते.

आज मात्र पलीकडून हूं की चूं नाही.

कोडं संपलं. बाजारभाव सुरू झाले. रेडिओ चालूच!

“काहीतरी गडबड आहे,” साक्षी म्हणाली. “आजोबा सेल उन्हात ठेवून ठेवून पुरवतात. कोडं संपलं की खटकन बंद करतात!”

खाली भागूभाऊ तंबाखू मळत बसला होता. आजोबांच्या शेजारचा ऊस त्याचाच.

“रेडिओ वाजतोय म्हंजी म्हातारा खुशाल हाय!” तो हसला. “उसात बिबट्या हिंडतोय. तिकडं जायाचं न्हाई!”

स्वतःही तो जागचा हलला नाही. मग काय, तिघं पत्र्याचे डबे बडवत बांधावरून निघाली. छाती मात्र डब्यांपेक्षा जोरात वाजत होती.

छपरात भाकरी तशीच झाकलेली. काठी जागेवर नाही. रांजणाजवळच्या ओल्या मातीत एक मोठा गोल पंजा उमटला होता.

“ताई, बिबट्यानं आजोबांना...” प्रबुद्धला पुढे बोलवेना.

“गप्प बस!” साक्षीने रेडिओ बंद केला. एकदम शांत झालं. उसात काहीतरी सळसळलं. वारा तर पडलेला होता.

“आजोबा! ओ आजोबा!”

उत्तर नाही. साक्षीला रडूच फुटणार होतं. तेवढ्यात तिला काहीतरी सुचलं आणि ती जीव खाऊन ओरडली, “उत्तर सापडलं! मांजर! मांजर!”

मग जमिनीखालून क्षीण आवाज आला.

“मांजर न्हाई रं... गाढवांनो... वानर!”

“विहीर!” ऋषी धावला.

विहिरीवरच्या फळ्या बाजूला पडल्या होत्या. दुपारी पाण्याची मोटार विहिरीत सोडताना भागूभाऊने काढल्या आणि परत टाकल्याच नव्हत्या! आत कपारीला टेकून आजोबा बसले होते, कमरेपर्यंत पाण्यात. पाय वेडावाकडा झाला होता, डोळे मिटत होते.

“भागूभाऊ बिबट्याला भिऊन यायचा नाही,” प्रबुद्ध रडवेला झाला.

“मोटारीसाठी येईल!” साक्षी म्हणाली. “ऋषी, पळ!”

ऋषी डबा बडवत सुटला. “भागूभाऊ! मोटारीचा दोर तुटला! मोटार बुडाली!”

भागूभाऊ चार माणसं आणि जाडजूड दोर घेऊन धावत आला. त्याने विहिरीत वाकून पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने दोर कमरेला बांधला आणि पहिला तोच खाली उतरला.

वर आल्यावर घोंगडीत थरथरणाऱ्या आजोबांनी पहिला प्रश्न विचारला, “रेडिओ बंद केला का?”

“केला, आजोबा!”

“शाबास! लई गुणाची पोरं,” भागूभाऊबरोबर धावत आलेला मामा म्हणाला. भागूभाऊ मान खाली घालून फळ्या बसवत होता.

“पण मांजर?” आजोबा कुरकुरले. “एवढं सोपं कोडं!”

“आम्हाला वानर येत होतं,” साक्षी म्हणाली. “पण चुकीचं उत्तर तुम्हाला सहन होत नाही ना!”

आजोबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“म्या विहिरीतनं बी उत्तर दिलं व्हतं पोरी,” ते हळूच म्हणाले. “समद्यांच्या आधी. कुणालाच ऐकू गेलं न्हाई.”

“मग आज तुम्हीच जिंकलात, आजोबा!” ऋषी म्हणाला.

“न्हाई,” आजोबांनी डोळे पुसले. “आज तुमी जिंकलात.”