चिमणी उडाली कशी?

शलाकाने दुपटं बादलीतून वर काढून उलगडलं. दुपट्यावरची चिमणी उडाली होती! म्हणजे भुर्रकन नव्हे, तिचा रंग उडाला होता. बादलीतलं पाणी मात्र छान तपकिरी झालं होतं.

दुपटं होतं चंद्रावरच्या बाळासाठी. शलाकाची आत्या तिथल्या वसाहतीत राहायची आणि तिला नुकतीच मुलगी झाली होती. आता चंद्रावर चिमण्या कुठून असणार? म्हणून शलाकाने पांढरंशुभ्र कोरं कापड आणून त्यावर कापडाच्या मार्करने चिमणी काढली होती. सामानाचं यान संध्याकाळी निघणार होतं.

"मार्करच भिकार!" ती चिडून म्हणाली.

"मग तुझ्या बाहीवरचा डाग का गेला नाही?" आजोबांनी विचारलं. आजोबा रंगांचे शास्त्रज्ञ. सरळ उत्तर देतील तर शपथ!

शलाकाने फ्रॉकची बाही पाहिली. त्याच मार्करचा जुना डाग, कितीतरी वेळा धुऊनही ठणठणीत होता. आता मात्र तिचा राग जाऊन नवल सुरू झालं.

"खटपट्या, तुझा डोळा लाव बरं," आजोबा घरातल्या यंत्रमानवाला म्हणाले. त्याच्या डोळ्यात सूक्ष्मदर्शक (बारीक गोष्ट मोठी करून दाखवणारं भिंग) होता. भिंतीवर दोन चित्रं उमटली. बाहीच्या धाग्यांत रंगाचे कण रुतून बसले होते. दुपट्यातून उरलेल्या कोऱ्या तुकड्याच्या धाग्यांवर मात्र पातळ पापुद्रा होता.

"ही खळ (विणताना धागा तुटू नये म्हणून लावलेली पेज)," आजोबा म्हणाले. "तुझी चिमणी धाग्यावर बसलीच नाही, खळीवर बसली."

"आणि खळ धुतली गेली, तशी चिमणीही गेली! कापड आधी धुवायला हवं होतं."

"शाब्बास. पण डाग पडल्यावर फ्रॉकचं आणखी काय झालं?"

"मी इस्त्री केली," खटपट्या म्हणाला. "चांगली कडक."

"झालं तर मग! मार्करमध्ये बंधक (रंगाच्या कणांना धाग्याशी धरून ठेवणारा चिकट पदार्थ) असतो. उष्णतेने तो धाग्याभोवती घट्ट बसतो. मग पाण्याला दाद देत नाही."

सगळं कळलं, पण दुपटं तर ओलं आणि डागाळलेलं होतं. शलाकाचे डोळे भरून आले. आजोबा आत गेले आणि आपलं धुतलेलं, मऊ झालेलं धोतर घेऊन आले.

"जुनं? बाळाच्या पहिल्या भेटीला?"

"अगं, तान्ह्या बाळाला कोरं कापड टोचतं. तुझ्या आत्याचं पहिलं दुपटंही माझ्या धोतराचंच होतं."

खटपट्याने कापड दुहेरी करून शिवलं. शलाकाने पुन्हा चिमणी काढली, या वेळी जरा गुबगुबीत. रंग वाळल्यावर आजोबांनी उलट्या बाजूने कोरडी इस्त्री फिरवली. यान सुटण्याआधी दुपटं त्यात पोचलं.

काही दिवसांनी पडद्यावर आत्या दिसली. "शलाका, रोज धुतेय गं! तुझी चिमणी काही उडत नाही."

मग तिने दुपटं गालाला लावलं आणि ती एकदम थांबली. "अण्णा, हे तुमचं धोतर ना?"

प्रश्नावर प्रश्न विचारणारे आजोबा या वेळी सरळ म्हणाले, "हो गं, माझंच."

बाळाने चिमणी मुठीत घट्ट धरली होती. शलाका पडद्याजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "मोठी झालीस की इकडे ये. खिडकीत बसते ना, ती चिऊ तू लगेच ओळखशील."