अण्णांचा उजवा खांदा

एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साल. नोव्हेंबरातला शनिवार, दुपारी तीनचा सुमार. रात्र नव्हती, स्मशान नव्हतं, एक साधा पेट्रोल पंप होता. म्हणूनच या प्रसंगाची मला जास्त भीती वाटते.

ही सांगोवांगीची गोष्ट नाही. जिच्यावर ती गुदरली ती माझी थोरली जाऊ, माई, आज त्र्याऐंशी वर्षांची आहे आणि अजून सुईत दोरा स्वतः ओवते. तिची नजर चुकली असं ज्यांना म्हणायचं असेल, त्यांनी आधी तिचं शिवण बघावं.

माईचा मुलगा तेव्हा परदेशात नोकरीला होता. माई आणि अण्णा, म्हणजे माझे थोरले दीर, त्याच्याकडे दोन महिने राहून परत निघाले होते. विमानतळावर गेल्यावर कळलं, धुक्यामुळे विमान रद्द. पुढचं थेट मंगळवारी.

"मग तीन दिवस घरात बसून भिंती मोजायच्या का?" मुलगा म्हणाला. "गाडी भाड्याने घेतो. समुद्र बघून येऊ."

ना तयारी, ना ठरलेला मुक्काम. उठले आणि निघाले.

सुनेने घाईघाईत डबा भरला आणि ओट्यावरच विसरली. दोनदा रस्ता चुकला. मग चाक बसलं. पांढरी कोरी गाडी, पण चाक बदलायचा पाना कुठे ठेवलाय ते शोधण्यात अर्धा तास गेला. मागच्या सीटवरून अण्णांच्या सूचना चालूच होत्या.

"अरे, गिअर बदल. चढ आहे."

"अण्णा, या गाडीला गिअर बदलावे लागत नाहीत."

"मग बरोबर. आयतं खाणारी गाडी, चाक बसणारच!"

सहा वर्षांची नात सगळ्यांचे पट्टे तपासत होती. ज्याने लावला नसेल त्याची खैर नाही. अण्णा तिला 'फौजदार' म्हणत.

तीनच्या सुमाराला तो पंप लागला. तेल भरायची दोन यंत्रं, काचेचं छोटं दुकान. दुकानाच्या बाजूने मागे जाणारा अरुंद बोळ, त्याच्या टोकाला संडास. त्यापलीकडे काहीच नाही... नुसतं धुकं.

अण्णांनी दुकानातून किल्ली घेतली.

"आलोच. फौजदार, माझी जागा सांभाळा."

साडीवर मुलाचा कोट चढवून माई गाडीत बसून बोळाकडे बघत राहिली.

पाचेक मिनिटं गेली असतील. अण्णा बोळातून आले. दार उघडून बसले.

"चला," म्हणाले.

गाडी निघाली. मैलभर गेल्यावर माईला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. शिवताना एखादा टाका निसटला की हाताला आधी कळतं, डोळ्याला नंतर दिसतं. तसं.

मग लक्षात आलं.

अण्णा गप्प होते.

मुलाने वळण चुकीचं घेतलं. मागच्या गाडीवाल्याने भोंगा वाजवला. अण्णा गप्प.

"आजोबा, पट्टा!" नात ओरडली.

त्यांनी पट्टा लावला. "हो, बाळ."

नातीने माईकडे बघितलं. सहा वर्षांत त्यांनी तिला कधी बाळ म्हटलं नव्हतं.

आणि तेव्हा माईची नजर त्यांच्या खांद्यावर गेली...

इथे एक गोष्ट सांगायला हवी. विसाव्या वर्षी अण्णा सायकलवरून पडले होते. गळ्याजवळचं हाड मोडलं आणि वाकडं जुळलं. तेव्हापासून उजवा खांदा अर्धा इंच खाली. लग्नाआधी ते माईच्या वडिलांच्या शिंप्याच्या दुकानात शर्ट शिवायला आले. वडील मापं सांगत होते, माई वहीत लिहून घेत होती. खांद्याचं माप आलं तेव्हा अण्णा कानापर्यंत लाल झाले. माईने मान वर केली नाही. शर्ट शिवताना मात्र उजव्या खांद्याला आतून कापसाची पातळ गादी घातली. शर्ट घालून ते आरशासमोर उभे राहिले तर दोन्ही खांदे सारखे!

लग्न त्या गादीवरच जमलं, असं अण्णा म्हणायचे.

पुढे त्यांचा प्रत्येक शर्ट माईनेच शिवला, प्रत्येकात ती गादी. एका घरात वीस वर्षं राहून मलाही कधी कळलं नाही.

आणि आता गाडीत अण्णांचा उजवा खांदा वर दिसत होता.

अर्धा इंच.

गादी जागच्या जागी होती. तिच्या खालचा खांदा सरळ होता.

सहज विचारावं तसं माईने विचारलं, "थंडीने खांदा दुखतोय का हो?"

"नाही. कशाला दुखेल?"

नोव्हेंबर ते फेब्रुवारी रोज रात्री ती त्या खांद्याला तेल चोळत असे.

अर्धा तास तिने त्या खांद्यावरून नजर काढली नाही. मग "गाडी थांबव," ती मुलाला म्हणाली. "जरा उतरायचंय."

रस्त्याकडेला उतरून तिने मुलाला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं.

"अण्णांचा खांदा वाकडा? कधीपासून?"

"तुझ्या जन्माच्या आधीपासून."

"काहीतरीच काय, माई! मी त्यांना रोज बनियनवर बघतोय."

"बघतोस. मोजत नाहीस."

"तू दमली आहेस. चल, बस गाडीत."

चाळीस वर्षं तिने जे मन लावून झाकलं, त्याला आता साक्षीदार कुठून आणणार? माई आयुष्यात पहिल्यांदा मुलाशी खोटं बोलली.

"माझी पिशवी त्या दुकानात राहिली. दोघांचे पासपोर्ट आहेत तिच्यात."

मुलाने कपाळावर हात मारला आणि गाडी वळवली.

बरंच अंतर गेल्यावर अण्णा तिच्याकडे झुकले. फक्त तिलाच ऐकू जाईल इतकं हळू बोलले.

"पिशवी तुझ्या कोटाखाली आहे."

एवढंच. मुलाला काही सांगितलं नाही. पुन्हा समोर बघत बसले.

पंपावर पोचेपर्यंत धुकं दाट झालं होतं.

"तुम्ही येताय ना?" माईने विचारलं.

"नको. मी इथेच बरा."

नात झोपली होती. माईने तिला उचलून खांद्यावर घेतलं. गाडीत ठेवायचा धीर झाला नाही.

दुकानातला माणूस फडक्याने काच पुसत होता. या सगळ्यांना बघितलं... आणि त्याचा हात थांबला. मुलाने काहीतरी विचारलं. तो बोलायला लागला, मध्येच माईकडे बोट दाखवून बोलत राहिला.

"काय म्हणतोय?"

"पिशवी नाही म्हणतोय."

"एवढं बोलला ते?"

"काही नाही गं. चल."

माई सुनेकडे वळली. तिलाही ती भाषा येत होती. "तू सांग."

सुनेचा चेहरा उतरला होता. "माई, तो म्हणतोय... म्हातारे गृहस्थ किल्ली परत द्यायला आले, तेव्हा गाडी निघून गेली होती. ते तासभर बाहेर थंडीत उभे होते. आत बसा म्हटलं तरी ऐकेनात. माझी माणसं येतील, असं खुणेने सांगत होते."

"मग?"

"मग पंधरा मिनिटांपूर्वी गाडी आली. पांढरी. मुलगा, सून, लहान मुलगी. आणि एक बाई... हीच साडी, वर हाच पुरुषी कोट. म्हातारे बसायला तयार नव्हते, मागे मागे सरत होते. बाईने हाक मारली तेव्हा बसले. तो विचारतोय, मघाशीच तर घेऊन गेलात. आता परत काय?"

माईने नात सुनेच्या हातात दिली आणि बाहेर धावली. बोळातून मागे. संडासाचं दार उघडं, आत कुणी नाही. पुढे पांढरं धुकं.

माईने आयुष्यात कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. तिच्याकडे एकच हाक होती.

"अहो...!"

"ओ," गाडीतून उत्तर आलं.

आणि त्याच क्षणी दुसरं आलं. धुक्यातून, दूर रस्त्याच्या बाजूने, चालत्या गाडीतून यावं तसं... लांब लांब जाणारं.

"ओ..."

तोच आवाज. तोच शेवटी किंचित खरडणारा घसा.

तिने पुन्हा हाक मारली. पुन्हा पुन्हा मारली. पण नंतर फक्त गाडीतूनच ओ येत राहिली.

मुलगा तिला धरून न्यायला आला. "माई, प्रतिध्वनी होता तो."

"पोलिसांना सांग."

"काय सांगू? वडील हरवलेत आणि गाडीत बसलेत?"



समुद्र कुणी बघितला नाही. तिथूनच परत फिरले. मुलाच्या घरी ते कपडे बदलत असताना माईने चोरून बघितलं. गळ्याजवळचं हाड सरळ होतं, गुळगुळीत. कधी मोडलंच नव्हतं.

मंगळवारच्या विमानाने ती त्यांना घेऊन घरी आली. दुसरं काय करणार होती?

मुलगा आता निवृत्त झालाय. धुकं असलं की गाडी काढत नाही. प्रतिध्वनीच होता, असं अजून सांगतो, कुणी विचारलेलं नसतानाही. सून बरीच वर्षं काही बोलली नाही. मग एकदा भाजी निवडताना तिने मला सांगितलं, "काकू, मी दोन्ही ओ ऐकल्या." नातीला त्या दिवसाचं काही आठवत नाही. पण त्यानंतर आजोबांशेजारी बसायला ती कधी तयार झाली नाही, हे मी स्वतः बघितलंय.

आणि ते? ते नऊ वर्षं जगले. वाढाल ते खायचे, वाद नाही, सूचना नाहीत. शेजारणी माईला म्हणायच्या, नशीबवान आहेस. माईने त्यांना काही कमी केलं नाही. फक्त शर्ट मात्र दुकानातून तयार आणायची.

दोन हजार सात साली ते आजारी पडले. शेवटच्या दुपारी माई उशाशी होती. त्यांनी तिचा हात हातात घेतला. नऊ वर्षांत पहिल्यांदाच.

"एवढ्या वर्षांत एकदाही विचारलं नाहीस," ते म्हणाले. "फार उपकार झाले."

माईला धीर एकवटायला थोडा वेळ लागला. मग तिने विचारलं, "ते कुठे आहेत?"

तोवर ते गेले होते.

आम्ही सगळे रडलो. माई कोरड्या डोळ्यांनी बसून होती. कुणासाठी रडायचं, हेच तिला कळत नव्हतं.

परवा तिच्याकडे गेले होते. दिवाणावर पांढरं कापड पसरून ती शर्ट बेतत होती.

"कुणाचा गं?" मी विचारलं.

"यंदा सत्त्याऐंशी पूर्ण होतील त्यांना," ती म्हणाली. "वयाने माणूस आटतो. माप थोडं कमीच धरलंय."

मी विषय बदलला.