तिरक्या नळीची दुर्बीण

"ओ मॅडम, ही तोफ कोणावर डागायची हाय?"

ऋतुजा दचकली... आणि खांद्यावरचा ट्रायपॉड, त्यावरची भलीमोठी दुर्बीण आणि ती स्वतः, अशी सगळी वरात मिठागराच्या पाण्यात कोसळणार, तेवढ्यात मागून कुणीतरी ट्रायपॉडचा पाय घट्ट धरला.

"पक्षी बघायला आलेय," ती तोऱ्यात म्हणाली. रोह्याहून पहाटेच्या गाडीने पेणला एकटीने यायचं, तर वीस वर्षांच्या मुलीला तोरा नको?

"मग जरा बेतानं चला. अन् बांधावर दोघांनी शेजारी उभं राहायचं नाय, बांध खचतो. एकामागं एक."

तो निकेश. वडलांबरोबर याच मिठागरात मीठ ओढणारा, ताडमाड उंच. पोटऱ्यांवर सुकलेल्या मिठाची पांढरी रेघ, आणि हसू असं की ऋतुजा नोंदवहीत तारीख लिहायचीच विसरली.

दुर्बीण उसनी मागून आणलेली होती. कॉलेजच्या निसर्ग मंडळाला स्वतःची घ्यायची होती आणि बाई म्हणाल्या होत्या, "महिनाभर वापरून बघ, मग तूच निवड." तिला तर आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, साठपट मोठं दाखवणारंच हवं होतं. साठपट! लहानसहान नव्हे!

दुसऱ्या रविवारी तिने निकेशला ती दाखवली. नऊ वाजून गेले होते. मिठावर ऊन चढलेलं.

"पाणी उकळतंय काय?" डोळा लावून तो म्हणाला.

तिने पाहिलं. शेकाट्या पक्ष्याचे लांब गुलाबी पाय तापलेल्या हवेत शेवयांसारखे वळवळत होते. तिने आयपीसचं कडं फिरवून आकडा साठावरून विसावर आणला. शेकाट्या एकदम शहाण्यासारखा उभा राहिला.

"एवढं जवळ कशाला जायचं? लांबूनच बरं दिसतंय की."

"सगळंच लांबून बघायचं का?" ती पटकन बोलून गेली... आणि मग दोघंही उगाचच शेकाट्याकडे बघत राहिली.

एकच भांडण दर रविवारी व्हायचं. नळी सरळ, डोळा बरोबर तिच्यामागेच लावायचा. ट्रायपॉड तिच्या उंचीचा केला की निकेश चिमट्यासारखा वाकायचा. त्याच्या उंचीचा केला की ती पालथ्या टोपलीवर चढायची. तोवर पक्षी भुर्र!

"थोडी उंच हो की!"

"तू थोडा बुटका हो!"

चौथ्या रविवारी तो भांडलाच नाही. निघताना म्हणाला, "एक तारखेपासनं कंपनीत लागतोय. रोह्यालाच. रविवारी पण शिफ्ट हाय."

"म्हणजे रविवारी तू माझ्या रोह्यात आणि मी इथे!" ती हसली. हसू अर्ध्यातच राहिलं.

"दुर्बीण हलकीच घे. खांदा दुखतो तुझा. अन् सरळ नळीचीच. एकटीला पक्षी पटकन सापडतो."

एकटीला. परतीच्या गाडीत हाच एक शब्द टोचत राहिला. निडी स्टेशन आलं, गेलं. तिने मांडीवर दुकानाचं माहितीपत्रक उघडलं. साठ मिलिमीटर भिंगाची, हलकी. आयपीस एकच, वीसपट, रुंद पट्टा दाखवणारी. नळी? सरळ की तिरकी, वरून वाकून बघायची? तिने पेन दोनदा उचललं. मग एका शब्दाखाली रेघ मारली, घट्ट.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या रविवारी ती नवी दुर्बीण घेऊन बांधावर उभी होती. निकेशला काही कळवलं नव्हतं. येईल का... नाही आला तर? नळीतून कधी आभाळ दिसे, कधी चिखल. पक्षी मात्र सापडेना.

"सरळ घे म्हणून सांगितलं होतं ना गो?"

तिने वळूनच पाहिलं नाही. अंगावर कंपनीचा शर्ट असणार, डोळे लाल असणार. "नाईट करून आलास?"

"व्हय. थेट. सापडत नाय ना?"

"नाही."

"मग तिरकी कशाला घेतलीस?"

"एकटीला सरळच सोपी. पण तिरकी बुटक्या माणसाच्या उंचीला लावली, तर उंच माणसाला नुसती मान खाली घालावी लागते." ती थांबली. कान तापले होते. "मला एकटीने नाही बघायचं, निकेश."

 तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. नळी हळूच फिरवली, ट्रायपॉडला हात न लावता मान खाली घातली.

"दिसतंय?"

"व्हय. जोडी हाय." मग डोळा न काढताच, "उद्यापासनं सेकंड शिफ्ट. सकाळी मी मोकळा."

बांधाची कड ढासळली. ढेकूळ पाण्यात पडलं, डुबुक! शेकाटे उडाले.

मागे कुणीच सरकलं नाही.